डोळे मिटा

हाताची घडी, तोंडावर बोट. हे मी आजवर किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये सव्वीस वर्षं काढली, त्यातली निम्मी सहावी-सातवीच्या वर्गांवर. केंद्रप्रमुखांची मोटारसायकल फाटकात दिसली की घडी, शेजारच्या वर्गाचे सर रजेवर असले की घडी, आपलंच डोकं ठणकत असलं तरी घडी. चाळीस पोरं क्षणात चिडीचूप. ह्याला आम्ही शिस्त म्हणतो आणि शेरेबुकात तशी नोंदही होते.

त्यामुळे मुलांना रोज शांत बसवायचं आहे असं पत्र वरून आलं, तेव्हा आमच्या शिक्षक-खोलीत हशा पिकला. "मग आजवर काय नाचवत होतो काय?" असं कुणीतरी म्हणालं.

ते पत्र 'मित्र' उपक्रमाचं होतं, म्हणजे शाळांत आनापान सुरू करण्याच्या सरकारी उपक्रमाचं. आनापान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणं. दिवसातून दोन वेळा, दहा-दहा मिनिटं. जप नाही, देव नाही, समोर कुणाचा फोटो नाही. शिक्षकांपैकी कुणीतरी आधी इगतपुरीला, धम्मगिरी केंद्रात, विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर करून यावं, असं ठरलं. कोण जाणार? जिची मुलं मोठी झाली आहेत ती बाई. गेले.

धम्मगिरीबद्दल इथे फार लिहीत नाही, त्यावर मराठीत पुष्कळ लिहून झालंय. गोएंकागुरुजींनी १९७६ साली उभं केलेलं केंद्र. पहाटे चारला घंटा, दहा दिवस बोलणं बंद, फोन बंद, वही-पेनसुद्धा बंद. पहिले तीन दिवस फक्त नाकाच्या शेंड्याशी येणारा-जाणारा श्वास. मला वाटलं होतं, शांत वाटेल. झालं उलटंच. बाहेरचा आवाज थांबल्यावर आतली बडबड इतकी स्पष्ट ऐकू यायला लागली की दुसऱ्या दिवशी बॅग उचलून निघावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा आवाज आला. आईला जाऊन तोवर सहा वर्षं झाली होती. "वेणी घाल आधी. पारधीण दिसतेस नुसती."

लहानपणी रोज सकाळी ऐकलेलं वाक्य. त्यात राग नव्हता, मायाच होती. तेलाचा हात, कंगवा, लाल रिबिनी आणि हे वाक्य, असं सगळं एकत्र. मायेच्या हाताने दिलेली गोष्ट आपण कधी तपासून घेत नाही. मी तरी घेतली नव्हती. आणि त्या वाक्याच्या मागोमाग, बोलावल्यासारखी, कंपासपेटी आठवली.

शिबिराच्या तीनेक महिने आधीची गोष्ट. सातवीतल्या एका मुलीची कंपासपेटी हरवली. मामाने पंढरपूरहून आणलेली, नवी कोरी. मधल्या सुट्टीनंतर रडारड सुरू झाली. मी फळ्याकडून वळले आणि विचारलं, "कुणी बघितली का रे?" सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. खिडकीकडचं शेवटचं बाक. तिथे तो बसायचा. ओढ्यापलीकडे फासेपारध्यांची आठ-दहा पालं पडली होती, तिथला. (त्याचं नाव मी इथे देणार नाही, खोटंही ठेवणार नाही. लोकांसमोर नाव पुकारलं जाणं त्याच्या घराला पुरेसं झालेलं आहे.)

पोरांच्या माना वळल्या त्याचं काय घेऊन बसायचं? माझी नजर त्यांच्याआधी तिथे पोचली होती.

मी बोलले काहीच नाही. दप्तर तपासते असंही म्हणाले नाही. तेवढ्यात तो स्वतःच उठला आणि दप्तर बाकावर उलटं केलं. दोन वह्या, एक पुस्तक, पोषण आहाराची ताटली, गलोलीचं रबर. मग दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. मग खाली बसला. चेहरा कोरा. बारा वर्षांचं पोर झडती द्यायला घरूनच शिकून आलं होतं. कुठून सुरुवात करायची, हात कुठे ठेवायचे, सगळं पाठ.

पेटी सापडली नाही. नंतरही कधी सापडली नाही. ती दुसऱ्याच कुणाच्या दप्तरात निघाली असती तर सांगायला बरी गोष्ट झाली असती, त्याच्यावरचा आळ गेला असता, मीही वर्गासमोर चार शब्द बोलले असते. तसं काही घडलं नाही. आळ कुणी घेतलाच नव्हता, तर उतरवणार कोण? नुसत्या नजरेने घेतलेला आळ असा असतो, की त्याची माफीही मागता येत नाही.

धम्मगिरीच्या त्या अर्ध्या उजेडाच्या खोलीत मी उरलेले सात दिवस श्वासापेक्षा त्या नजरेकडेच जास्त पाहिलं.

परत आले आणि परिपाठानंतर दहा मिनिटं सुरू केली. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे मिटा, श्वास बघा. पोरांना आवडलं. काहीही लिहायचं नाही, पाठ करायचं नाही आणि बाई ओरडत नाहीत, हे न आवडायला काय झालं? पहिल्या आठवड्यात दोघं बसल्या जागी झोपले, एक फिस्सकन हसला, पण बसायला लागली.

तो डोळे मिटत नव्हता. दोन्ही तळवे बाकावर उपडे, बोटं पसरलेली, नजर समोर. तीन दिवस मी हळू आवाजात सांगितलं, "मीट बाळा डोळे." चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. भीती वाटते का? अंधार दिसतो का? तो ताटली विसळत होता. मान वर न करता म्हणाला, "समद्यांनी डोळं मिटल्याव काय गेलं तर, बाई?"

मला उत्तर सुचलं नाही. दहा दिवस मी तिकडे बिनघोर डोळे मिटून बसले होते. माझी पर्स कुणी नेईल याची धास्ती नव्हती. आणि माझी नजर कुणाच्या पर्सवर आहे असं कुणाला वाटेल, हे तर मनातसुद्धा आलं नव्हतं. ध्यानाची ही पहिलीच, सगळ्यात साधी सूचना एका विशिष्ट माणसासाठी लिहिलेली आहे, ज्याच्याकडे कुणी बघत नाहीये अशा माणसासाठी. त्या पोराला दहा मिनिटं डोळे मिटायचे म्हणजे दहा मिनिटं स्वतःचा साक्षीदार गमवायचा. म्हणून तर हात सगळ्यांना दिसतील असे बाकावर.

दुसऱ्या दिवसापासून सूचना बदलली. ज्याला मिटायचेत त्याने मिटावेत, नसेल त्याने उघडे ठेवून समोरच्या जमिनीकडे बघावं. कारण सांगायचं नाही, विचारायचं नाही. मी स्वतःही उघडे ठेवून बसायला लागले. आश्चर्य म्हणजे आणखी चार मुलींनी डोळे उघडे ठेवले. त्यांची कारणं मला आजही माहीत नाहीत.

त्याच सुमारास त्याची आज्जी शाळेत आली होती. पोर दोन दिवस तापाने आलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी ती घेऊन आली. व्हरांड्याच्या पायरीखाली उभी राहून विचारत होती, "हाजरी लागली न्हवं त्याची? हाजरी चुकू न्हाय." मला कौतुक वाटलं. म्हटलं, बघा, अडाणी बाई, पण शिक्षणाची किंमत आहे. शिक्षक-खोलीत हे बोलूनही दाखवलं. तेव्हा शेजारच्या वर्गाच्या सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "बाई, ती शाळेची हजेरी विचारत नव्हती."

ते खरं होतं, आणि मला ते माहीत असायला हवं होतं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुतारकी जशी जातीत चालते, तशी चोरीही जातीत चालते, हा त्यामागचा युक्तिवाद. माणसाने गुन्हा केला की नाही हे विचारायची गरज नाही, जन्म कुठे झाला एवढं पुरे. नावं नोंदवलेल्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, पास घेतल्याशिवाय हद्द सोडायची नाही. पुढे कायदा पसरत मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाच्या आत वसाहत झाली, त्यातली माणसं गिरण्यांत राबली. सोलापूरकर अजून त्या भागाला 'सेटलमेंट'च म्हणतात आणि रिक्षावाल्याला तोच पत्ता सांगतात. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. तोवर ही आज्जी आठ-दहा वर्षांची असेल. आणि कायदा गेला म्हणून गावच्या पाटलाची आणि ठाण्याची सवय लगेच गेली असं झालं नाही. मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा केला. कागदावर तो जातीला नव्हता, व्यक्तीला होता. पण चोरी झाली की आधी पालांवर जायचं, ही रीत कुठल्या कागदावर लागते?

एकच शब्द, हजेरी. मी रोज सकाळी साडेदहाला हजेरीपट उघडून नावं पुकारत होते आणि तो 'हजर' न म्हणता नुसता हात वर करत होता. लाजाळू आहे, अशी माझी नोंद होती.

ह्या सरांबद्दल सांगायला हवं. ते बौद्ध कुटुंबातले, वडील दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला हजर असलेले. त्या 'हजर'चा सूर वेगळा. मला वाटलं होतं की आनापानाच्या बाजूने शाळेत कुणी उभं राहील तर हेच. पण सगळ्यात कडक विरोध त्यांचा होता. "आमच्या पोरांना गप्प बसायला शिकवायची गरज नाही बाई. ते पिढ्यान्‌पिढ्या शिकवून झालंय." मग म्हणाले, "ज्याचं पाल दोनदा जाळलंय त्याला तुम्ही सांगणार, दुःख तुझ्या मनात आहे, त्याकडे तटस्थपणे बघ? आणि वर मागच्या जन्मीच्या कर्माचा हिशेब?"

मी म्हटलं, उपक्रमात कर्माबिर्माचं काही नाहीये. ते म्हणाले, "शिकवणाऱ्याच्या मनात आहे ना?"

हा वाद आंबेडकरी चळवळीत जुना आहे. बाबासाहेबांनी दिलेला बुद्ध हा डोळे मिटून बसलेला की अन्याय बघून उठलेला, यावर घराघरांत भांडणं होतात. सर सुट्टीत नागपूरला गेले की कामठी रस्त्यावरच्या नागलोकला जाऊन येत. तिथे देशभरातल्या वंचित घरांतली तरुण मुलं-मुली राहून शिकतात. आंबेडकरी विचार, ध्यान आणि समाजकार्य, तिन्ही एकत्र. आणि आवारात बुद्धाची भव्य मूर्ती आहे ती चालत्या बुद्धाची, पाऊल पुढे टाकलेल्या. सर मोबाइलवर फोटो दाखवून म्हणाले, "हे बघा. असं काही असेल तर माझी हरकत नाही."

मला त्यांचं पटलं, आणि पूर्ण पटलं नाहीही. गप्प बसणं त्या पोराला येतच होतं, चांगलंच येत होतं. दप्तर उलटं करताना तो गप्पच होता. पण ते तोंडावरचं बोट होतं, दुसऱ्याने ठेवलेलं. मी इगतपुरीला जे अनुभवलं त्यात, आईचा आवाज ऐकू आल्यावर, मी पहिल्यांदा म्हणू शकले होते की हे वाक्य माझं नाही, मला दिलेलं आहे. त्या पोराच्या डोक्यातही कुणाचीतरी वाक्यं असतील. ती त्याची नाहीत, हे त्याला कधी कळणार? पण सरांचा मुद्दा उरतोच. माझ्या डोक्यातलं वाक्य मला दागिना म्हणून मिळालं होतं, वेणीसोबत. त्याला तेच डागणी म्हणून मिळालेलं. दोघांना एकच औषध कसं चालेल?

ह्याच विचारात असताना एका प्रशिक्षणात एक झेरॉक्स हाती आली. प्रशिक्षणात एरवी चहा बरा असतो, एवढंच. पण हा कागद मी अजून जपून ठेवला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत एक प्रयोग केला, तो २००४ आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीचे मुलगे, ३२१ वरच्या जातींतले, ३२१ खालच्या मानलेल्या जातींतले. त्यांना कागदावरच्या भुलभुलैया सोडवायला दिल्या, सुटलेल्या प्रत्येकीचा एक रुपया. जात कुणी काढली नाही तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग दुसऱ्या मुलांच्या बाबतीत सुरुवातीला एवढंच केलं, की प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात मोठ्याने वाचली, आणि बरोबर आहे का म्हणून मुलाने मान हलवायची. ह्या मुलांमध्ये खालच्या जातींतल्यांच्या सुटलेल्या भुलभुलैया २० ते २५ टक्क्यांनी घटल्या. कुणी शिवी दिली नव्हती. फक्त वाचलं होतं.

तो कागद वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण हा प्रयोग मी दर वर्षी करत होते. शिष्यवृत्तीची माहिती भरायची असली, गणवेशाची यादी करायची असली, की वर्गात जायचं आणि म्हणायचं, "एस.सी.वाले उभे राहा. बसा. एस.टी.वाले उभे राहा." पोरं उभी राहतात, मी मोजते, बाकीचे बघतात. जुलैत एकदा, दिवाळीनंतर एकदा, ऑनलाइन माहिती भरायची टूम आल्यापासून तर महिन्यातून एकदा. आणि मग घटक चाचणी. सगळी माहिती जनरल रजिस्टरला होती. उभं करायची काही म्हणजे काहीच गरज नव्हती. सोय म्हणून करत होते.

ते बंद केलं. शनिवारी दुपारी अर्धा तास जास्त बसून रजिस्टरमधून उतरवून घ्यायचं. माझ्या हातून त्या वर्गासाठी झालेलं सगळ्यात उपयोगी काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी आनापानाच्या आधी हे सांगेन. (त्या पोराच्या जातीच्या दाखल्याची कथा निराळीच. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. जी माणसं पाल घेऊन शिवारा-शिवारातून हाकलली जात होती, त्यांनी १९५० चा कागद कुठल्या पेटीत जपायचा?)

असल्या संशोधनांवर नंतर बरीच उलटसुलट चर्चा झाली आहे, हेही मला माहीत आहे. शाळेतल्या ध्यानाबद्दल तर सरळच सांगते. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांवर मोठी चाचणी घेतली, २०२२ साली निकाल आला. ध्यान शिकलेल्या मुलांचं मानसिक आरोग्य नेहमीच्या शाळेतल्या मुलांपेक्षा काही चांगलं निघालं नाही. मला वाचून धक्का बसला नाही. मुलांना शिकवलं, घंटा झाली, मुलं त्याच व्हरांड्यात, त्याच नजरांत परत गेली, तर श्वासाने बिचाऱ्याने किती ओढायचं?

आमच्या वर्गात जे थोडंफार बदललं ते श्वासाने बदललं असं मी म्हणणार नाही. ते तितराने बदललं.

बसण्यानंतर पाच मिनिटं लिहायची सवय लावली होती. मनात जे आलं ते. शुद्धलेखन नाही, मार्क नाहीत, वह्या माझ्या कपाटात कुलूपबंद, आणि ज्याने दाखवली त्याचीच मी वाचणार. तो दोन आठवडे नुसती पानं दुमडत होता. मग एक दिवस वही पुढे केली. एकच ओळ होती. "आज कोन बी माज्याकडं बगितलं न्हाय." आठवड्याने दुसरी. "वड्याव तितर वरडला. त्यो मला येकट्यालाच आयकू आला."

मी ती ओळ दोनदा वाचली. वर्गात त्या वेळी एकतीस मुलं आणि मी होते. श्वासाकडे लक्ष ठेवण्याचं दहा दिवसांचं शिबिर मी केलेलं होतं. तितर मला ऐकू आला नव्हता.

मग लक्षात आलं की ह्या मुलाला लक्ष द्यायला शिकवायला निघालेली मी कोण? फास लावून झुडपाआड तासन्‌तास न हलता बसायचं, वाऱ्याचा रोख, पानाची सळसळ, कुठला पक्षी कुठून बोलला, हे त्याच्या घरात चालत आलेलं ज्ञान. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तीच विद्या गुन्ह्यात जमा झाली. कायदा चुकीचा असं मी म्हणत नाही, तितर वाचायला हवेतच. पण आमच्या शाळेच्या खात्यात ह्या मुलाच्या नावावर 'अवधान कमी' असा शेरा होता. मीच लिहिलेला.

त्याला विचारलं, वर्गाला शिकवशील का ऐकायला? तो नको म्हणाला. आठ दिवसांनी म्हणाला, "बोलावं लागल का?" म्हटलं, नाही. तर असं ठरलं की शुक्रवारी श्वासाऐवजी आवाज. दहा मिनिटं बसायचं, ऐकू येईल ते वहीत लिहायचं, आणि शेवटी त्याची यादी फळ्यावर. पहिल्या शुक्रवारी सगळ्यांच्या याद्या चार-पाच आवाजांच्या. यष्टी, पाढे, कावळा. त्याची चौदाची. पोरं खोटं म्हणाली. पुढच्या शुक्रवारी त्यांनी तपासायला म्हणून कान दिले आणि त्यातले नऊ सापडले. तिसऱ्या शुक्रवारी वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा त्याच्या शेजारी जाऊन बसला, कारण तिथून चांगलं ऐकू येतं असा त्याचा समज झाला होता.

मी हुरळून सरांना सांगितलं. त्यांनी चहा ढवळत ऐकून घेतलं. "छान. फक्त आता नवा शिक्का मारू नका. पारधी म्हणजे पक्षी. त्याला गणित येतं का बघा." गणित त्याला बऱ्यापैकी येत होतं. अपूर्णांक अडत होते, ते सगळ्यांचेच अडतात. सरांचं असं असतं, आनंद दहा मिनिटंसुद्धा पुरू देत नाहीत. पण बोलले ते खरंच.

३१ ऑगस्टला मी वर्गात १८७१ च्या कायद्याबद्दल बोलले. कुणाकडेही न बघता, इतिहासाचा तास म्हणून. चोर जन्माने ठरवायचा असा कायदा आपल्या देशात ऐंशी वर्षं होता, हे ऐकून पोरं चाट पडली. "मंजे बाळाला पण?" एका मुलीने विचारलं. त्याच तासाला मुक्ता साळवेबद्दल सांगितलं. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली मातंग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाबद्दल तिने निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असं तिने सरळ विचारलं होतं. शाळेत तीनेक वर्षंच शिकलेली मुलगी. तिने आपल्या मनात काय चाललंय ते नीट पाहिलं, आणि बघून झाल्यावर गप्प बसली नाही. मला आनापानापेक्षा हाच धडा जवळचा वाटतो, असं मी सरांना म्हणाले. सर पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला फासेपारधी मुलांसाठी समाजातल्याच एका शिक्षकाने शाळा काढली, तिचं नाव 'प्रश्नचिन्ह' ठेवलं. हे नाव ऐकलं की मला मुक्ताच आठवते.

कंपासपेटीवाल्या मुलीला मामाने दुसरी पेटी आणून दिली होती. बसण्याच्या वेळी ती पेटी बाकावरच ठेवून डोळे मिटायची. तो तिच्या मागेच, उघड्या डोळ्यांनी. हा विश्वास होता की विसराळूपणा, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बिघडलं असतं.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी शेजारच्या गावात एक दुकान फुटलं. रात्री पालांवर जीप आली. सकाळी मी शाळेत जाताना ओढ्यापलीकडे चुलींचे काळे दगड तेवढे दिसले आणि एक तुटकी बादली. वर्गात कुणी काही बोललं नाही. मी हजेरी घेतली. त्याच्या नावाला थांबले, मग पुढे गेले. ठाण्यात जाऊन चौकशी करावी असं दोन दिवस मनात होतं. गेले नाही. परक्या शाळेतून दाखला मागायला कुणी येईल म्हणून वाट पाहिली. नियमाप्रमाणे सतत गैरहजर मुलाचं नाव कमी करता येतं, तसं मुख्याध्यापक दोनदा म्हणाले. मी मार्चपर्यंत कमी केलं नाही. त्याने कुणाचं काय भलं झालं असेल, सांगता येत नाही. पटावर एक आकडा जास्त राहिला एवढंच.

वर्गाने शुक्रवारचं ऐकणं वर्षभर चालू ठेवलं. यादी चौदाला कधी पोचली नाही.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. चार्ज देताना कपाट रिकामं केलं. नकाशे, पृथ्वीचा गोल, पेटी, ढोलकी, सगळं जडसंग्रहाच्या नोंदवहीशी ताडून दिलं. त्याची वही कुठल्याच नोंदवहीत नव्हती, ती मी घरी घेऊन आले. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तारीख नाही, पण वर 'सुक्रवार' लिहिलंय. खाली यादी आहे. यष्टी. बोरची मोटार. पाचवीचं पाडं. खिचडीचं झाकान. साळुंकी दोन. घंटंची साखळी. वारा पत्र्याव. म्हस लांब. मग चार ओळी खोडलेल्या, त्या लागत नाहीत. आणि सगळ्यात खाली, नंतर आठवून लिहिल्यासारखं, बारीक अक्षरात: बाईच्या बांगड्या.